डब्यातलं ऊन

बिअरचा रिकामा डबा. सुईच्या टोकाएवढं भोक.
आत वळवून बसवलेला कागद,
वरून काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे.
डोमान्तसने तो धक्क्यावरच्या खांबाला बांधला
एकवीस डिसेंबरला, बोटं बधिर झालेली असताना,
आणि घरी जाऊन सूप प्यायला.
त्याचं काम इथवर.
पुढचं सूर्याने करायचं.

हिवाळ्यात निदा गावात माणसं थोडी उरतात.
खाडी गोठते, होड्या काठावर उलट्या पडतात,
आणि दुपारी चारला आम्ही वाचनालयात दिवे लावतो.
"सहा महिने डबा टांगायचा, म्हणजे काय उजेड पाडलास?"
त्याचा बाप विचारतो,
धुरीच्या खोलीत ब्रीम मासे ओळीने टांगता टांगता.
डोमान्तस म्हणतो, "पाडतोय. जूनपर्यंत थांबा."

पोस्टाच्या वर व्हैवा राहते.
चार वर्षं एकच भिंत रंगवतेय,
जाळी ठेवायच्या छपराची, पश्चिमेकडची.
ती मला एकदा म्हणाली,
पांढरा ट्यूबमध्ये मिळतो, ऊन मिळत नाही.
म्हणून मी उन्हाला हातच लावत नाही.
ते जिथे पोचलं नाही
तेवढंच नीट रंगवते, राखाडी, निळसर, शेवाळी,
मग मधे जे उरतं, ते आपोआप तापतं.
मी कॅनव्हासवर तळहात ठेवून पाहिला.
गार होता.
पण हात काढायला मला वेळ लागला.

जूनमध्ये डबा उघडला माझ्याकडे,
कारण गावात स्कॅनर एकच, तो वाचनालयात.
डोमान्तसने पडदे ओढले, दाराखाली कोट सारला.
"एकदाच," तो म्हणाला.
"हा कागद पक्का केलेला नाही.
बघायला जो उजेड लागेल, तोच त्याला खाईल."
मी बटण दाबलं.
काचेखालून पट्टी सरकत गेली,
आणि मला वाटलं, आपण कुणाला तरी उठवतोय
ज्याला झोपू द्यायला हवं होतं.

पडद्यावर आलं: धक्का, खांब, क्षितिज थोडं वाकडं,
आणि आभाळभर सूर्याच्या वाटा,
डिसेंबरची सगळ्यात खाली, छपराला घासत जाणारी,
जूनची पार वर.
मधे मधे तुटलेल्या. ते ढगांचे दिवस.
माणूस एकही नाही.
बाप चष्मा पुसून वाकला.
"रोज बसतो मी त्या बाकावर. कुठे आहे मी?"
"तुम्ही हललात, बाबा."
"सहा महिने कोण बसेल रे न हलता?"
"बाक बसलाय."

मी खालून रेघा मोजत गेले.
नऊ फेब्रुवारी, लेक ओस्लोला गेली तो दिवस.
त्या जागी रेघच नव्हती.
अकरापर्यंत काहीच नव्हतं.
पण मला पक्कं आठवतं,
बसथांब्यावर तिच्या लाल सुटकेसवर ऊन होतं,
एवढं, की कुलपाकडे बघवेना.
व्हैवा माझ्या मागे उभी होती, हातावर रंग वाळलेला.
म्हणाली, "ते माझ्या खात्यात टाक."

मूळ कागद बापाने मागून नेला,
धुरीच्या खोलीत, वजनकाट्याच्या वर चिकटवला.
पहिल्या आठवड्यात जांभळट होता,
आता तव्याच्या बुडासारखा.
गिऱ्हाईक विचारतात, हे काय?
"ऊन," म्हातारा सांगतो, आणि मासा कागदात गुंडाळतो.

रात्री दहाला, अजून उजेड होता तेव्हा,
डोमान्तसने दुसरा डबा बांधला.
मला म्हणाला, पट्टीचं टोक धरा जरा.
मी धरलं. माझा हात भोकासमोर होता,
तीन सेकंद, फार तर चार.
तो येणार नाही.
मला ते ठाऊक होतं,
तरी बोटं मी सरळ ठेवली.